सुरक्षित स्थिती

सकाळी चहाच्या वेळी वसाहतीतल्या सगळ्या फोनांवर कंपनीचा एकच निरोप आला : 'तुमच्या थर्मोस्टॅटचे सेल संपत आले आहेत. कृपया आजच बदला.' सुवर्णा कोहळेनं तो वाचला आणि पोळ्या झाल्यावर करू म्हणून बाजूला ठेवला. पोळ्यांनंतर प्रफुल्लचं अंग पुसायचं होतं, मग त्याला कूस बदलून द्यायची होती. सेलांची आठवण झाली तेव्हा दुपारचा भोंगा वाजून गेला होता.

भोंगा म्हणजे लाल तास सुरू. बल्लारपूरकडच्या लोकांना ऊन नवं नव्हतं. सुवर्णाच्या लहानपणीही पारा सत्तेचाळीसवर जायचा, आणि माणसं डोक्याला दुपट्टा बांधून कामं करायची. पण ते ऊन कोरडं होतं. घाम यायचा, वाळायचा आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जायचा. गेल्या काही वर्षांत समुद्रावरची दमट हवा मे महिन्यातच थेट आत घुसू लागली होती. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की त्यातलं पाणी वाळतं आणि पारा उतरतो. माणसाचं शरीरही असंच एक ओलं फडकं असतं. हवाच पाण्यानं गच्च भरली की फडकं वाळत नाही, पारा उतरत नाही. मग पंखा लावा, सावलीत बसा, हंडाभर पाणी प्या, शरीराला गार व्हायला वाटच उरत नाही. धडधाकट माणूससुद्धा अशा हवेत काही तासच टिकतो. म्हणून लाल तासांत शाळा बंद, बाजार बंद, अँब्युलन्सही रस्त्यावर यायची नाही.

प्रफुल्लच्या बाबतीत तर काही तासांचीही सोय नव्हती. सहा वर्षांपूर्वी ट्रकच्या धडकेत त्याच्या मानेचा मणका तुटला. मानेखाली त्याला काही जाणवत नसे, हलत नसे, आणि घामही येत नसे. घाम सोडायचा हुकूम मेंदूकडून मणक्यातूनच खाली जातो, आणि ती वाट बंद झाली होती. खोली जितकी तापेल तितका तो तापायचा. डोकं मात्र लख्ख होतं, जीभ त्याहून.

त्याच्यासाठीच दोघं या वसाहतीत आली होती. इथल्या घरांना एसी नव्हते. जमिनीखालून दोन नळ्या प्रत्येक घरात यायच्या, एक गार पाण्याची, एक ऊन पाण्याची. उन्हाळ्यात भिंतींतून गार पाणी फिरायचं आणि घरातली उष्णता जमिनीखालच्या मोठ्या टाकीत साठायची. डिसेंबरात तीच उष्णता ऊन नळीनं परत यायची. कोणती नळी किती उघडायची ते भिंतीवरची एक छोटी डबी ठरवायची. ती खोलीचं तापमान मोजायची आणि घरातल्या अरुंद बोळात बसवलेल्या पेटीला बिनतारी संदेश पाठवायची. मग पेटी व्हॉल्व्ह फिरवायची. भिंती इतक्या जाड थरांच्या की बाहेरचं ऊन आत येत नसे, आणि आतला आवाज बाहेर जात नसे.

सुवर्णानं डबी भिंतीवरून उतरवली, जुने सेल काढले, आणि नवे शोधायला स्वयंपाकघरात गेली. ते फ्रीजवरच्या डब्यात सापडले. तेवढ्यात प्रफुल्लनं पाणी मागितलं. त्याला पाणी पाजून तिनं सेल बसवले. पडद्यावर सव्वीस आकडा आला. तिनं डबी भिंतीवर अडकवली आणि ती जेवायला बसली.

"सुवर्णा," जरा वेळानं प्रफुल्ल म्हणाला, "मला गरम का होऊन राहिलं?"

त्याला जे काही जाणवायचं ते चेहऱ्यावर. सुवर्णानं त्याच्या गालाला हात लावला. मग उशाशी असलेल्या साध्या थर्मामीटरकडे पाहिलं. एकोणतीस.

"जेवणामुळं वाटत असेल," ती म्हणाली, पण उठून तिनं भिंतीला तळवा लावला. आणि झटकन मागे घेतला. भिंत ऊन होती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवल्यासारखी ऊन.

तिनं डबीचं बटण दाबून आकडा चोवीसवर आणला. काही नाही. वीसवर आणला. डबीवर गार पाण्याचा निळा थेंब दिसत होता, आणि भिंत तापतच होती. बोळात पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता.

फोनवर कंपनीचा मदतनीस होता. माणूस नव्हे, नुसता आवाज, अगदी गोड.

"नमस्कार, सुवर्णाताई. तुमच्या थर्मोस्टॅटचा आणि पेटीचा संपर्क तुटला आहे. काळजी करू नका. घर सुरक्षित स्थितीत आहे."

"कसलं सुरक्षित? भिंती तापून राहिल्या ना!"

"बरोबर. संपर्क तुटल्यावर पाव तासात पेटी ऊन नळी उघडते. त्यामुळे घर गोठण्याचा धोका राहत नाही."

सुवर्णाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "घर काय होण्याचा?"

"गोठण्याचा."

खाटेवरून प्रफुल्ल हसला, मग ते हसू खोकल्यात अडकलं. "बर्फाच्या मुलखातली मशीन आहे ती," तो म्हणाला. "तिथं थंडीनं मरतात माणसं. सुरक्षित म्हणजे ऊबदार. इथं आणून बसवताना कोणी बदललं नाही."

"माणूस पाठवा," सुवर्णा फोनवर ओरडली. "माझ्या घरात आजारी माणूस आहे."

"लाल तासांत तंत्रज्ञ बाहेर पडू शकत नाहीत. ते संपताच आपली तक्रार पहिली घेतली जाईल."

लाल तास संपायला संध्याकाळ होणार होती. थर्मामीटर एकतीसवर गेला होता. तिनं मेन स्विच बंद केला, पण व्हॉल्व्ह जिथं होता तिथंच राहिला आणि पंखा तेवढा थांबला. तिनं स्विच पुन्हा लावला. खिडकी उघडली तर बाहेरची हवा ओल्या घोंगडीसारखी तोंडावर आली. तिनं ती लगेच लावून घेतली. प्रफुल्लच्या कपाळावर तिनं ओलं फडकं ठेवलं, फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ टॉवेलात बांधून त्याच्या काखेत ठेवला. त्याचा चेहरा लाल, कोरडा, तकतकीत झाला होता. घामाचा एक टिपूस नाही.

"ते सेल," तो थांबत थांबत म्हणाला, "काढल्यावर किती वेळ रिकामी होती डबी?"

"तुम्हाला पाणी दिलं तेवढा वेळ."

"म्हणजे विसरली ती. पेटी बसवणारा सांगत होता. प्रत्येक डबीचा एक नंबर असतो. पेटी त्याच नंबरचं ऐकते. सेल नसले की मिनिटभर डबी तग धरते, मग पाटी कोरी. आता ती पेटीला परकी झाली. पुन्हा ओळख करून द्यावी लागेल. पेटीवर बटण असेल बघ."

बटण पेटीच्या खालच्या अंगाला होतं, इतकं आत की पिनेनं दाबावं लागलं. लाल दिवा पिवळा झाला. पेटी आता कानोसा घेत होती. जो पहिला आवाज देईल तो आपला धनी, एवढंच तिला कळत होतं. सुवर्णा धावत खोलीत गेली आणि डबीची दोन्ही बटणं दाबून उभी राहिली. बोळातून 'टक्' असा आवाज आला, आणि पाठोपाठ नळीतून पाणी वळल्याची खळखळ.

तिनं भिंतीला हात लावला, तसाच ठेवला. ऊब हळूहळू ओसरू लागली. मग भिंत कोमट झाली. मग गार.

"झालं!" ती म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसून रडली. प्रफुल्लचा श्वास संथ होत गेला. थर्मामीटर बत्तीसवरून खाली येऊ लागला.

पाऊण तासानं ती सहज पेटीकडे गेली. हिरवा दिवा लागला होता. त्याच्या बाजूला, डबीकडून येणारा आकडा दिसत होता. तेहतीस.

तिला वाटलं, मागे पडलं असेल मशीन. ती उभी राहिली. आकडा चौतीस झाला.

खोलीत थर्मामीटर तीस दाखवत होता.

मग सुवर्णाला उमगलं. पेटी ज्या डबीचं ऐकत होती ती या घरातली नव्हतीच. पेटी कानोसा घेत होती त्या क्षणी पलीकडच्या घरातल्या डबीनं आपला नेहमीचा संदेश पाठवला होता, आणि पेटीनं तिलाच आपली म्हटलं होतं. एका डबीला एकच पेटी. म्हणजे पलीकडच्या घरातली पेटी आता पोरकी झाली होती. पाव तास ती वाट पाहून चुकली होती, आणि तिनं ऊन नळी उघडली होती. तिथं खोली तापेल तशी डबी 'गार कर, गार कर' म्हणून ओरडत होती, आणि ते ओरडणं ऐकून सुवर्णाचं घर गार होत होतं.

बोळाच्या भिंतीला लागून असलेल्या त्या घरात सानिका मडावी राहायची. पंचविशीतली पोर. नवरा खाणीच्या कामाला पंधरा-पंधरा दिवस बाहेर. पदरात चार महिन्यांची मुलगी, तिला सगळे चिऊ म्हणत. संध्याकाळी सानिका चिऊला आणून प्रफुल्लच्या गालाशी निजवायची, कारण तेवढंच त्याला जाणवायचं. चिऊ त्याच्या दाढीचे खुंट ओढायची आणि तो भोंग्यासारखा आवाज काढायचा.

सुवर्णानं फोन लावला. वाजत राहिला. दुपारी लेकरू निजलं की सानिका फोनचा आवाज बंद करून स्वतः आडवी व्हायची. सुवर्णानं भिंतीवर मुठी आपटल्या. तवा आणून आपटला. त्या भिंतींनी तो आवाज कापसासारखा गिळून टाकला.

"काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं.

"काही नाही."

"पेटीवर आकडा किती?"

"सत्तावीस," ती म्हणाली.

हे तोंडातून कसं गेलं ते तिलाही कळलं नाही. त्याचा श्वास नुकता कुठं ताळ्यावर आला होता. सानिकाचं घर दहा-बारा पावलांवर नव्हतं. ओळीतल्या घरांची दारं एकाआड एक विरुद्ध बाजूंना होती, पूर्ण ओळीला वळसा घालून जावं लागायचं. मध्ये आपण पडलो तर? त्याला पाणी पाजणारंसुद्धा कोणी नाही. सानिका तरुण आहे, तिला जाग येईल, ती निघेल बाहेर. सुवर्णा बोळात उभी राहून असं स्वतःला समजावत होती, आणि समोर छत्तीस झाले.

"सुवर्णा, इकडं ये."

ती गेली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाकी सगळं गेल्यापासून तो चेहरे फार बारकाईनं वाचायचा.

"भिंत कशाला बडवत होतीस?" त्यानं विचारलं. "कोणाच्या घरचा आकडा आहे तो?"

"सानिकाच्या," ती म्हणाली. "आणि मी जाणार नाही. तुम्हाला टाकून नाही जाणार. मला काही झालं तर तुम्ही इथं..."

"मी इथं गारव्यात पडून राहीन. लेकराच्या जिवावर." त्याचा आवाज चढला नाही. "ही खोली आता कशानं गार होऊन राहिली ते कळल्यावर मी झोपू इथं? तू झोपशील?"

"तुम्हाला काय जातं बोलायला!" ती एकदम ओरडली. "सहा वर्षं मी तुम्हाला जिवंत ठेवलं!"

"हो," तो म्हणाला. "म्हणून तर सांगतो. तुलाच जमेल. जा वं."

खिळ्याला सानिकानं दिलेली किल्ली होती. सुवर्णानं ती घेतली. डोक्यावरून ओली चादर घ्यायला गेली आणि थांबली. या हवेत ओली चादर काही कामाची नव्हती, उलट जड. तिनं छत्री घेतली, प्रफुल्लच्या तोंडाशी पाण्याची नळी लावून ठेवली, आणि दार उघडलं.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. आभाळ निळंही नव्हतं, राखाडी पांढरं होतं, आणि उजेड सगळीकडून सारखाच येत होता. ओळीच्या टोकापर्यंत जाईतो साडी अंगाला चिकटली. घाम धारांनी वाहत होता आणि अंग तसूभरही गार होत नव्हतं. वळणावर तिच्या कानात शिट्टी वाजू लागली. तिनं भिंतीला हात धरला, फरशीकडे पाहत राहिली, आणि एका दारामागून एक दार मोजण्याऐवजी नुसतं "चिऊ, चिऊ" म्हणत चालली.

किल्ली फिरली. दार उघडताच आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. आत बाहेरच्याहून गरम होतं.

सानिका न्हाणीघरात फरशीवर बसली होती, चिऊला मांडीवर घेऊन. नळ चालू होता आणि नळाला टाकीचं ऊन पाणी येत होतं.

"काकू," ती जड जिभेनं म्हणाली, "मला ताप भरला वाटते. फोनवर विचारलं तर म्हणे घर सुरक्षित आहे. मग मीच आजारी असेन ना?"

चिऊ रडत नव्हती. सुवर्णानं तिला उचललं तेव्हा तिची मान कोंबडीच्या पिलासारखी लटकली. ओठ सुकले होते. पण छातीवर कान ठेवला तर आत धडधड होती, पाखरासारखी भराभर.

"ऊठ," सुवर्णा म्हणाली. "सानिका, ऊठ! माझ्या पदराला धर. पडलीस तरी सोडायचं नाही."

निघता निघता तिला सुचलं आणि तिनं भिंतीवरची डबीही ओरबाडून घेतली. डबी इथं राहिली आणि उष्णतेनं मेली, तर सुवर्णाच्या घरची पेटीही पुन्हा पोरकी होणार होती. डबी कमरेला खोचून, लेकरू छातीशी आणि पोरीला मागे ओढत ती वळसा घालून कशी परतली, ते तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. सानिका वळणावर गुडघ्यांवर पडली आणि रांगत आली, एवढं तिनं पाहिलं होतं.

चिऊला प्रफुल्लच्या शेजारी उघडी निजवून सुवर्णानं तिला ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली, वर पंखा सोडला. आतली हवा कोरडी, त्यामुळे इथं पाणी वाळत होतं. प्रफुल्ल जमेल तशी मान वळवून लेकराच्या टाळूवर फुंकर घालत होता. सानिका भिंतीला पाठ लावून थरथरत घोट घोट पाणी पीत होती. खूप वेळानं चिऊनं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक, चिरका आवाज काढला. सानिकानं तिला ओढून छातीशी लावलं. चिऊ प्यायली.

मग प्रफुल्ल म्हणाला, "ती डबी दाखव."

सुवर्णानं कमरेची डबी काढली. पडद्याच्या कोपऱ्यात सेलाचं चित्र लुकलुकत होतं.

"सकाळपासून तसंच आहे," सानिका म्हणाली. "घरी सेल नव्हते. लाल तास संपल्यावर आणणार होते."

चौघांचा जीव त्या डबीवर होता. ती विझली तर पाव तासात भिंती पुन्हा तापणार, आणि पुन्हा जोडणी करताना पेटी कोणत्या घरची साद ऐकेल याचा नेम नाही. सेल बदलावेच लागणार होते, आणि सकाळची चूक परत चालणार नव्हती. नवे सेल सुवर्णाच्या मुक्या डबीत होते. तिनं ते काढून पदरावर मांडले.

"आधी सगळं हाताशी घे," प्रफुल्ल म्हणाला. "टोकं बघून ठेव, कोणतं वर, कोणतं खाली. मग झाकण काढ. घाई करू नको, पण थांबूही नको."

तिनं झाकण सरकवलं. पहिला जुना सेल निघाला आणि खाटेखाली घरंगळला. दुसरा निघेना. सानिकानं पुढे होऊन केसांतली पिन दिली. पडदा विझला. सुवर्णानं एक नवा सेल बसवला, दुसरा उलटा गेला, काढून सुलटा केला, अंगठ्यानं दाबला.

पडदा कोराच होता. प्रफुल्लनं डोळे मिटले.

मग रेघा उमटल्या, आणि आकडा आला. बोळातून हिरवा उजेड दिसत होता, तो तसाच होता. नळीतली खळखळ चालू होती.

"ओळखते ती," सुवर्णा पुटपुटली.

चिऊसाठी डॉक्टर मिळेल का म्हणून सानिकानं फोन घेतला. मदतनीस म्हणाला, लाल तासांत फक्त सल्ला मिळेल. मग आपण होऊन पुढे म्हणाला, "तुमच्या ओळीतील घर क्रमांक चार आणि सात यांचाही संपर्क तुटला आहे. दोन्ही घरे सुरक्षित स्थितीत आहेत."

चार नंबर सानिकाचं. सातमध्ये वांढरे पतीपत्नी राहत. अरविंद वांढरे पंचाहत्तरीचे, कोणतंही काम उद्यावर न टाकणारे गृहस्थ. निरोपात 'आजच' होतं, म्हणजे त्यांनी सेल बदलले असणार, म्हाताऱ्या हातांनी, सावकाश.

सुवर्णानं प्रफुल्लकडे पाहिलं. या खेपेला तो 'जा' म्हणाला नाही. त्याच्या डोळ्यांत भीती होती. दुसऱ्यांदा तिला पाठवायची त्याची छाती नव्हती. ती आपणहून उठली. सानिकाला म्हणाली, "काकांना मधूनमधून पाणी दे," आणि छत्री घेतली.

सातचं दार नुसतं लोटलेलं होतं. शालिनीबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, कुठं कमी आहे ते न कळल्यासारख्या. आत वांढरे आरामखुर्चीत होते. चष्मा डोळ्यांवर, डबी मांडीवर, बोट बटणावर. सुवर्णानं त्यांच्या मनगटाला हात लावला. मनगट भिंतीइतकंच ऊन होतं. नाडी नव्हती. तिनं गळ्याशी पाहिलं, नाकाशी तळवा धरला. मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि शालिनीबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

संध्याकाळी लाल तास संपल्यावर कंपनीचा माणूस आला. तरुण होता, घाबरलेला होता. बोळात उकिडवा बसून त्यानं पेटीला आपला फोन जोडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ती बदलली. संपर्क तुटल्यास : ऊन नळी. ती झाली : गार नळी.

"एवढंच?" सुवर्णानं विचारलं.

"एवढंच, काकू," तो मान वर न करता म्हणाला. "मशीन बिघडली नव्हती." आणि पुढच्या घरी गेला. त्याला सगळी वसाहत करायची होती.

चिऊला आणि सानिकाला अँब्युलन्स घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी आणि मग सांगता आलं नसतं. तो अर्धा तास ऐकताना सुवर्णाला बोळातला छत्तीसचा आकडा दिसत होता. प्रफुल्लनं त्याबद्दल काही विचारलं नाही.

शालिनीबाई कोहळ्यांच्या खोलीत खुर्चीवर होत्या. अँब्युलन्सवाल्यांनी सलाईन लावून दिलं होतं, दुसरी गाडी यायची होती, डोळ्यांत हळूहळू ओळख परत येत होती. मुलगा नागपूरहून निघाला होता. तो येईपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्यांनी भिंतीला तळवा लावून पाहिला, मग सुवर्णाच्या हातावर हात ठेवला.

"तुमच्याकडं छान गार आहे हो," त्या म्हणाल्या. "आमचं झालं का गार? यांना उकाडा अजिबात सोसत नाही."

खाटेवर प्रफुल्लनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"झालं," सुवर्णा म्हणाली. "आत्ताच दुरुस्त करून गेला तो. आता गार आहे."